सागरी वलयी कृमींमधील अंडविकास व प्रजनन : मुंबई उपनगरांतील खाड्यांच्या संदर्भात

सारांश

मुंबईच्या पश्चिम व पूर्व उपनगरांना लागून असलेल्या खाड्यांच्या चिखलात पॉलिकीटा वर्गातील वलयी कृमी मोठ्या संख्येने आढळतात. खाडीच्या आरोग्याचे अनुमान करताना या कृमींची जातवार गणना करण्याची पद्धत रूढ आहे. तथापि एखाद्या ठिकाणी कृमी सापडणे आणि त्या ठिकाणी त्यांचे प्रजनन यशस्वी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात पॉलिकीटांमधील अंडपेशीची वाढ, पीतकनिर्मिती, संप्रेरकांचे नियंत्रण, फलन व डिंभविकास यांचे विवेचन केले असून, अंडे तयार करण्याची व जपण्याची पद्धतच कोणती जात प्रदूषित खाडीत टिकेल हे बऱ्याच अंशी ठरवते, असे प्रतिपादन केले आहे. या दृष्टीने महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोग्या अभ्यासाची रूपरेषाही शेवटी दिली आहे.

बीजशब्द : पॉलिकीटा, अंडविकास, पीतक, देहगुहा, डिंभ, ठाणे खाडी, मालाड खाडी.

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'नीरीस' हा वलयी प्राणिसंघाचा प्रातिनिधिक प्राणी म्हणून अनेक पिढ्या शिकवला गेला. पार्श्वपादांची आकृती, जबड्यांची रचना आणि काचपट्टीवरील 'हेटरोनीरीस' अवस्था या गोष्टी बहुतेक विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहतात. प्रजननसंस्थेविषयी मात्र 'जननग्रंथी तात्पुरत्या असतात व प्रजननकाळातच दिसतात' एवढ्या विधानावर विषय संपतो. त्या एका विधानामागे अंडविकासाची एक निराळीच व्यवस्था दडलेली आहे.

भारतीय पॉलिकीटांच्या अभ्यासाला शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. सदर्न यांनी १९२१ मध्ये चिल्का सरोवरातील जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. फोव्हेल यांचे इंडियन म्युझियममधील संग्रहावरील काम १९३२ मध्ये, तर 'फॉना ऑफ इंडिया' मालेतील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रकाशित झाला. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील पॉलिकीटांची नोंद ए. एच. पारुलेकर यांनी १९७१ मध्ये केली. ठाणे खाडीतील भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या पॉलिकीटांवर बदलत्या परिस्थितीचा काय परिणाम झाला, याविषयी क्वाड्रोस, सुकुमारन व आठल्ये यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जाती ओळखणे आणि त्यांची घनता मोजणे या दोन्ही अंगांनी झालेले हे काम मोलाचे आहे. अंडविकासाचा अभ्यास हा त्याचा पुढचा टप्पा ठरतो.

उपनगरांतील अधिवास

मुंबई उपनगरांच्या दोन्ही बाजूंना खाड्या आहेत. पश्चिमेस अंधेरीजवळील वर्सोवा व मढ यांच्या दरम्यान मालाड खाडी समुद्रास मिळते आणि ओशिवरा नदी याच खाडीत उतरते. बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई-मनोरीची खाडी असून दहिसर नदीचे पाणी तिकडे जाते. पूर्वेस मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर ही उपनगरे ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर वसलेली आहेत. या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.

या सर्व ठिकाणी खारफुटी, मऊ चिखल आणि दिवसातून दोन वेळा येणारी भरती हे समान घटक आहेत. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आल्याने क्षारता एकदम खाली जाते व नंतर हळूहळू वाढते. याच जोडीला शहराचे सांडपाणी वर्षभर येत असते. चिखलातील सेंद्रिय द्रव्य वाढले की ते कुजताना प्राणवायू खर्च होतो, आणि पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवरच काळा, हायड्रोजन सल्फाइडचा वास येणारा थर लागतो. अशा परिस्थितीत कृमीने अंडी कोठे वाढवावी, केव्हा सोडावी आणि डिंभाला कोठे ठेवावे, हा त्याच्या वंशसातत्याचा प्रश्न आहे.

अंडाशयाबाहेर वाढणारे अंडे

पृष्ठवंशी प्राण्यांत अंडपेशी अंडाशयातच वाढते व पक्व होते. बहुसंख्य पॉलिकीटांत असा कायमस्वरूपी, स्पष्ट सीमा असलेला अंडाशय नसतो. देहगुहेच्या अस्तरातील काही ठिकाणी जननपेशींचे पुंजके तयार होतात. नीरीड कुळात या पेशी लवकरच अस्तरापासून सुटतात, देहगुहेतील द्रवात तरंगू लागतात आणि त्यांची पुढील सर्व वाढ त्या द्रवातच होते. पक्वतेच्या सुमारास मादीची देहगुहा, अगदी पार्श्वपादांच्या पोकळीपर्यंत, अंड्यांनी गच्च भरलेली असते.

नीरीडांच्या तरंगत्या अंडपेशीभोवती पोषक पेशींचे वेष्टन नसते. इतर कुळांत निराळ्या व्यवस्था आढळतात. डायोपॅट्रा या प्रजातीत प्रत्येक अंडपेशीस पोषक पेशींच्या दोन माळा जोडलेल्या असतात व हा समूहच देहगुहेत तरंगतो. ऑफ्रिओट्रोका या लहान कृमीत एका अंडपेशीबरोबर एकच पोषक पेशी असते. कॅपिटेला प्रजातीत मात्र अंडपेशी पुटक पेशींनी वेढलेल्या खऱ्या अंडाशयात वाढतात. एकाच वर्गात अंडविकासाच्या इतक्या भिन्न तऱ्हा असणे ही पॉलिकीटांची विशेषता आहे.

पीतकाचा उगम

अंडपेशीची वाढ म्हणजे मुख्यतः पीतकाचा संचय होय. प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या प्लॅटिनेरीस डुमेरिली या नीरीड कृमीत पक्व अंड्याचा व्यास सुमारे १६० मायक्रोमीटर असतो. २० मायक्रोमीटर व्यासाची अंडपेशी १६० मायक्रोमीटरची झाली, तर व्यास आठपट वाढतो, परंतु घनफळ ५१२ पट होते. एवढे द्रव्य येते कोठून?

याची दोन उत्तरे संभवतात. काही पॉलिकीटांत अंडपेशी लहान रेणू आत घेऊन स्वतःच पीतकप्रथिने तयार करते. ही प्रक्रिया संथ असते. इतरांत पीतकाचे पूर्वप्रथिन शरीरातील अन्य पेशींमध्ये तयार होते आणि अंडपेशी ते तयार स्वरूपात शोषून घेते. नीरीड कृमी दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्या देहगुहेतील द्रवात 'इलिओसाइट' नावाच्या मुक्त पेशी असतात. त्या पीतकप्रथिन बनवून द्रवात सोडतात व अंडपेशीच्या पृष्ठावरील ग्राहींमार्फत ते आत ओढले जाते. प्रजननकाळ जवळ आला की मादीच्या शरीरभित्तीतील स्नायूंचा काही भाग विघटित होतो. त्यांचे तुकडे याच इलिओसाइट पेशी गिळतात आणि त्यातील द्रव्य अंड्यांच्या कामी लावतात. मातेचे शरीर टप्प्याटप्प्याने अंड्यांमध्ये रूपांतरित होते, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे ठरत नाही.

आयुष्यात एकदाच

नीरीड कृमी सामान्यतः आयुष्यात एकदाच प्रजनन करतात व नंतर मरतात. त्यामुळे पक्वतेची वेळ चुकणे त्यांना परवडणारे नसते. या वेळेचे नियंत्रण मेंदूकडे असते. अपक्व कृमीच्या मेंदूतून एक संप्रेरक सतत स्रवत असते व ते पक्वतेस रोखून धरते. मेंदू काढून टाकल्यास पक्वतेची प्रक्रिया अवेळी सुरू होते. तरुण कृमीचा मेंदू रोपण केल्यास ती थांबते. फारच लवकर मेंदू काढल्यास अंडपेशी घाईने वाढू लागतात, परंतु नीट घडत नाहीत. याच संप्रेरकावर तुटलेले खंड पुन्हा वाढविण्याची क्षमताही अवलंबून असते. म्हणजेच संप्रेरकाची पातळी घटली की कृमी शरीर दुरुस्त करण्याचा मार्ग सोडून प्रजननाचा मार्ग धरतो.

या संप्रेरकाचे रासायनिक स्वरूप अनेक दशके अज्ञात होते. २०१६ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी प्लॅटिनेरीसमध्ये ते मिथाइल फार्नेसोएट असल्याचे दाखवून दिले. हे द्रव्य इलिओसाइट पेशींतील पीतकप्रथिनाची निर्मिती दाबून ठेवते. कवचधारी संधिपाद प्राण्यांतही हेच द्रव्य संप्रेरक म्हणून कार्य करते आणि कीटकांचे बाल्यसंप्रेरक रासायनिकदृष्ट्या त्याच्या जवळचे आहे. डासांच्या अळ्या मारण्यासाठी बाल्यसंप्रेरकाची नक्कल करणारी काही औषधे वापरली जातात. अशी द्रव्ये पाण्यावाटे चिखलात पोहोचल्यास वलयी कृमींच्या अंडविकासावर त्यांचा काय परिणाम होईल, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही.

संप्रेरकाची पातळी खाली आली की रूपांतरास प्रारंभ होतो. डोळे मोठे होतात, आतडे निकामी होते, मागील खंडांचे पार्श्वपाद वल्ह्यांसारखे पसरट होतात. हीच काचपट्टीवरील हेटरोनीरीस अवस्था. चिखलातील बीळ सोडून नर व माद्या एकाच रात्री पृष्ठभागाजवळ पोहत येतात. प्लॅटिनेरीसमध्ये मादी पिवळसर, तर नर पुढील भागात पांढरा व मागे लालसर दिसतो. जोडीदाराची ओळख व युग्मकांची मुक्तता पाण्यात सोडलेल्या फेरोमोनांमुळे होते.

सर्वांनी एकाच रात्री वर यावे यासाठी चंद्र हा निर्देशक ठरतो. सामोआ बेटांजवळील पॅलोला कृमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वद्य अष्टमीच्या सुमारास समुद्रपृष्ठावर येतात, ही गोष्ट तेथील लोकांना परंपरेने ठाऊक आहे. प्लॅटिनेरीस अमावास्येच्या सुमारास वर येतो आणि त्याच्यातील चांद्र लय चांदणे बंद केल्यावरही काही काळ चालू राहते, हे हाउएनशिल्ड यांच्या विसाव्या शतकाच्या मध्यावरील प्रयोगांपासून ज्ञात आहे. चांदणे व सूर्यप्रकाश यांत भेद करणारे एक प्रकाशग्राही प्रथिन या कृमीत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जाळी टाकण्याची वेळ तिथी व भरती पाहून ठरते. चिखलातील कृमीचे पंचांगही त्याच चंद्रावर चालते. उपनगरांच्या काठावर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे या पंचांगात किती गोंधळ होतो, हे तपासण्याजोगे आहे.

फलन आणि डिंभ

नीरीस अंडे सोडते तेव्हा त्याचे मोठे केंद्रक शाबूत असते, म्हणजे अर्धसूत्री विभाजन पूर्ण व्हायचे असते. शुक्रपेशीचा स्पर्श होताच अंड्याच्या कडेच्या थरातील पुटिका बाहेर रिक्त होतात व पाण्याशी संयोग होऊन अंड्याभोवती पारदर्शक श्लेष्माचे जाड आवरण तयार होते. शुक्रपेशी प्रत्यक्ष आत शिरण्यास त्यानंतर सुमारे पाऊण तास लागतो, असे लिली यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी नोंदविले. विल्सन यांनी १८९२ मध्ये नीरीसच्या प्रत्येक पेशीची वंशावळ मांडली. त्या कामामुळे सर्पिल विभाजनाचा अभ्यास भ्रूणविज्ञानाचा एक आधारस्तंभ बनला.

प्लॅटिनेरीसमध्ये सुमारे १८ अंश सेल्सिअस तापमानास एका दिवसात पक्ष्माभिकांच्या पट्ट्याने पोहणारा ट्रोकोफोर डिंभ तयार होतो. तीन दिवसांत तीन खंड व तीन जोड्या पार्श्वपाद असलेली अवस्था येते. अन्न घेण्यास सुरुवात होईपर्यंत पाच ते सात दिवस जातात. या संपूर्ण काळात डिंभाची शिदोरी म्हणजे मातेने अंड्यात भरलेले पीतक. ती अपुरी असेल, तर उत्तम पाण्यातही डिंभ जगत नाही.

दुसरी वाट : थोडी अंडी, अधिक राखण

सर्वच पॉलिकीट अंडी पाण्यात सोडत नाहीत. मार्फिसा ग्रेव्हली या निमखाऱ्या पाण्यातील कृमीच्या विकासाचे वर्णन आर. गोपाल अय्यर यांनी मद्रास येथून १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. या जातीत अंडी श्लेष्माच्या पुंजक्यात ठेवली जातात व डिंभाची सुरुवातीची वाढ त्यातच होते.

कॅपिटेला याहून पुढे जाते. मादी आपल्या नळीच्या आतील बाजूस अंडी चिकटवते व डिंभ बाहेर पडेपर्यंत त्यांची राखण करते. एका खेपेस काही डझन ते काही शेकडो अंडी असतात, परंतु ती पीतकाने समृद्ध असतात. बाहेर पडणाऱ्या डिंभास अन्नाची गरज नसते आणि सेंद्रिय द्रव्याने युक्त चिखल मिळाल्यास तो काही तासांतच स्थिरावू शकतो. अनुकूल परिस्थितीत एक ते दोन महिन्यांत नवी पिढी अंडी देण्यायोग्य होते. पूर्वी 'कॅपिटेला कॅपिटाटा' या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृमींत दिसण्यात सारख्या, परंतु प्रजननात भिन्न अशा अनेक जाती असल्याचे ग्रासल दांपत्याने १९७६ मध्ये दाखविले. त्यांपैकी एकीस २००९ मध्ये कॅपिटेला टेलेटा हे नाव मिळाले. म्हणजे जातीची ओळख पटविण्यासही अंडी व डिंभ यांचाच आधार घ्यावा लागला.

सांडपाण्याच्या मुखाजवळ कॅपिटेलासारखे कृमी का वाढतात, याचे उत्तर केवळ 'त्यांना प्रदूषण सोसते' एवढे नाही. उघड्या पाण्यात अंडी सोडणाऱ्या जातीस त्या एका रात्री पुरेसा प्राणवायू, योग्य क्षारता व शुक्रपेशींना बाधा न करणारे पाणी मिळावे लागते. तांब्यासारख्या धातूंचा शुक्रपेशी व फलन यांवर विपरीत परिणाम होतो. नळीत अंडी जपणाऱ्या जातीने हा धोका बराच टाळलेला असतो. प्रौढ कृमी दोन्ही प्रकारचे तग धरू शकतील, पण पुढची पिढी त्याच ठिकाणी घडेलच असे नाही.

गणनेची मर्यादा

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चिखलाच्या नमुन्यात दर चौरस मीटरला किती कृमी आहेत, हा आकडा एकटा पुरेसा नाही. एखाद्या ठिकाणी नीरीड भरपूर सापडतील, परंतु ते स्वच्छ भागातून वाहत आलेल्या डिंभांपासून वाढलेले असू शकतात. तेथील माद्यांमध्ये अंडी पक्व होत नसतील, तर ती वस्ती बाहेरच्या पुरवठ्यावर जगत आहे. तो पुरवठा थांबला की काही काळातच ती नाहीशी होईल आणि त्याआधीचा कोणताही गणना-अहवाल याची पूर्वसूचना देणार नाही. अंडपेशींची अवस्था मात्र ही सूचना आधी देऊ शकते. चिखलातील कृमींवर किनाऱ्यावरील पाणपक्षी व अनेक मासे उदरनिर्वाह करतात, हे ध्यानात घेतल्यास या सूचनेचे मोल कळते.

हा प्रश्न सध्या विशेष निकडीचा आहे. मुंबईतील सात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर असून वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप ही चार केंद्रे उपनगरांतील आहेत. खाडीत उतरणाऱ्या पाण्याची प्रत सुधारल्यावर चिखलातील जीवसृष्टी खरोखर सावरली की नाही, हे सांगण्यासाठी सुधारणेपूर्वीची नोंद हाती असणे आवश्यक आहे. ती नंतर मिळविता येत नाही.

आर्थिक अंगही दुर्लक्षिण्यासारखे नाही. कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत प्रजनक माद्यांना पक्वतेसाठी पॉलिकीट खाऊ घालतात, कारण त्यांच्यात बहुअसंपृक्त मेदाम्ले विपुल असतात. निसर्गातून गोळा केलेल्या कृमींमधून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू कोळंबीपर्यंत पोहोचू शकतो, हे भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले. याखेरीज आणखी एक हानी संभवते. आयुष्यात एकदाच प्रजनन करणाऱ्या जातीची अंड्यांनी भरलेली मादी उचलली, तर तिच्या वाट्याचे सर्व प्रजनन तेथेच संपते. वर्सोव्यात १९६१ पासून कार्यरत असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि परिसरातील महाविद्यालये यांनी कृमीसंवर्धनाच्या अंगाने या विषयाकडे पाहिल्यास ते उपयुक्त ठरेल.

महाविद्यालयीन अभ्यासाची रूपरेषा

या अभ्यासास महागडी साधने लागत नाहीत. साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, नेत्रिका-सूक्ष्ममापक व त्याचे अंशांकन करण्यासाठी मंच-सूक्ष्ममापक एवढे पुरेसे आहे. ठराविक ठिकाणाहून दरमहा, शक्यतो ठराविक तिथीच्या ओहोटीस, मोजके कृमी घ्यावेत. देहगुहेतील द्रवाचा थेंब काचपट्टीवर घेऊन प्रत्येक मादीतील किमान पन्नास अंडपेशींचा व्यास मोजावा व वारंवारतेचा आलेख काढावा. पाण्याची क्षारता, तापमान व विरघळलेला प्राणवायू यांची नोंद त्याच वेळी करावी.

आलेखात एकच शिखर असून ते महिन्यागणिक मोठ्या व्यासाकडे सरकत असेल, तर अंडी एकसमयावच्छेदे वाढत आहेत असे समजावे. अनेक शिखरे असल्यास प्रजनन वारंवार होत असण्याचा संभव असतो. शिखर मध्येच थांबले किंवा अंडपेशी खंडित होऊन विरघळताना दिसल्या, तर पक्वतेत अडथळा आहे असे मानण्यास जागा राहते. अंधेरी व बोरिवलीच्या बाजूच्या खाड्या आणि मुलुंड-घाटकोपरची बाजू अशी तुलना निरनिराळ्या महाविद्यालयांनी वाटून घेतल्यास वर्षभरात उपयुक्त चित्र उभे राहील.

दोन पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. खारफुटीचे क्षेत्र व अभयारण्य यांत नमुने घेण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. तसेच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदनाविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आशय लक्षात घेऊन नमुन्यांची संख्या कमीत कमी ठेवावी.

समारोप

पॉलिकीटांच्या अंडविकासात मेंदूचे संप्रेरक, देहगुहेतील पेशी, चंद्राची कला आणि पाण्याची प्रत हे सारे घटक एका १६० मायक्रोमीटरच्या अंड्याशी येऊन मिळतात. यांपैकी एकही दुवा तुटला, तर प्रौढ कृमी चिखलात दिसत राहतील, पण त्यांचा वंश तेथे वाढणार नाही. उपनगरांतील खाड्यांचे आरोग्य जाणून घेताना 'कृमी किती आहेत' या प्रश्नाबरोबरच 'त्यांची अंडी पक्व होतात काय' हाही प्रश्न विचारला जावा. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत आजही उपलब्ध आहेत.